लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, माझ्या सासरी आले की मला आनंद व्हायचा आणि पाठोपाठ धास्तीही वाटायची. आनंद ते गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हाचा. ओट्यावर बसून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की धास्ती. कारण आता मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जाणार, आणि ते हात आडवा करून म्हणणार, "ऱ्हाऊ दे गं, पोरी."

आमच्याकडं तशी रीत. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. जेवण तर लांबच राहिलं. नातवंड झालं की मग आजोबा म्हणून रुबाबात पाटावर बसायचं. नव्वदच्या दशकात कितीतरी घरांनी ही रीत सोडून दिली होती. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी तर लेकीकडं पहिल्याच फेरीला मटणावर ताव मारला होता. पण आण्णा पक्के. इतके पक्के की त्यांनी त्या रीतीला स्वतःची दोन कलमं जोडली होती. एक, नुसतं लेकीच्या घरचंच नाही, पेठच्या, म्हणजे माझ्या सासरच्या गावाच्या, वेशीच्या आतलं कुणाचंच पाणी घ्यायचं नाही. दोन, फाट्यावरच्या हॉटेलातला चहा मात्र चालेल, कारण त्याचे पैसे टाकलेले असतात. "पैसे टाकलं की ते कुनाचं न्हाई, आपलं," म्हणायचे. हॉटेलात चहाच्या आधी पाण्याचा ग्लास आदळतात, तो नाही. त्याचे पैसे कोण घेतं? फुकटचं ते गावचं, आणि गावचं ते लेकीचं.

"अवो पावणं," माझ्या सासूबाई दारातून म्हणायच्या, "तो हाटेलवाला च्याला काय काशीवरनं पानी आणतोय व्हय? आमच्याच टाकीचं हाय ते."

"च्यात पडलं की ते पानी ऱ्हात न्हाई, इहीनबाई. त्याचा च्या व्हतो."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. जीभ तिखट, आणि चिमटा काढायचा तो हसत हसत. "बरं बरं," त्या म्हणायच्या, "नातवाच्या हातनंच घ्यायचं दिसतंय पावण्यांना. घ्या. आमीबी वाटच बघतोय." मग दोघं हसायचे आणि मी तांब्या घेऊन आत यायचे. घाईघाईत उंबऱ्यावर पाणी सांडायचं, आणि आत्याबाई लगेच, "सांड! सांड! उन्हाळ्याचं पानी हाय ते, अशी सांडतीयस?" पेठला तेव्हा उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्यांचंही खरंच होतं.

आण्णा यायचे निमगाव सावाहून, नारायणगावला गाडी बदलून. उन्हाचे आले की तोंड वाळून खारीक झालेलं असायचं. फाट्यावर उतरले की आधी चहा. ऊन फारच असेल तर गोटी सोडा, नाहीतर रसवंतीत उसाचा रस. पुढं पुढं त्या नारिंगी थंड्याच्या बाटल्या आल्या तेव्हा तर सोयच झाली. बाटली पैसे टाकून घेतलेली, सीलबंद, कुणाची मिंधी नाही. तहान लागली की माणूस पाणी पितो, आमचे आण्णा चहा आणि थंडा प्यायचे. आणि हे माझ्या गावापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं, पण जिभेला लागलेली सवय वेस कुठं ओळखते? आळेफाट्याला कांदा घेऊन गेले की प्रत्येक ओळखीच्या माणसाबरोबर एकेक चहा. शेतात किटलीनं चहा. आई सांगायची, "तुझा बाप पानी फकस्त तंबाखूची चूळ भराया घेतो."

लग्नाला वर्षं होत गेली. पाळणा हलला नाही. नवस झाले, मंचरचे डॉक्टर झाले, मग आमचे हे मला पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्या डॉक्टरांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि अगदी सौम्य आवाजात सांगितलं की आशा ठेवू नका. येताना एसटीत बसलो. राजगुरुनगर मागं पडल्यावर हे म्हणाले, "आईला एवढ्यात नको सांगायला." मी म्हटलं, "कुणालाच नको." तेवढंच ठरलं, आणि ते आम्ही दोघांनी पोटात ठेवलं.

तेव्हापासून आण्णांचं ते "ऱ्हाऊ दे गं" मला ऐकवेना. आधी वाटायचं, रीत आहे, असू दे. आता मला ठाऊक होतं की हा माणूस ज्याची वाट बघतोय ते येणारच नाही. आणि गंमत बघा, त्यांनी तांब्या हातात घेतला असता तरी माझा जीव गेला असता. कारण मूल नसताना बाप पाणी प्यायला, म्हणजे बापानं आशा सोडली. पिऊ नये असंही वाटायचं आणि प्यावं असंही. असल्या काळजीला औषध नाही. मी आपली दाराआड उभी राहून त्यांचे ओठ किती सुकलेत ते बघत बसायचे.

समोरच्या भाभीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या बांगड्या भरायच्या. त्यांच्या दारातून आमचा ओटा असा दिसायचा की कोण आलं, कोण रुसलं, सगळी खबर आधी त्यांना. बाई मायेची होती. एकदा आण्णांना म्हणाल्या, "आण्णा, मी काही तुमची लेक नाही. माझ्या घरचं तरी घ्या." आण्णांनी हात जोडले. "भाभी, वेशीच्या आत हाय ना तुमचं घर? मग तुमीबी लेकच." भाभी कितीतरी दिवस ते कौतुकानं सांगत होत्या. मला मात्र कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मग एका चैतात आण्णांचं पोट दुखायला लागलं. दुखायला म्हणजे काय, माणूस जमिनीवर गडाबडा लोळला. भावानं जीप करून मंचरला आणलं. मुतखडा. तोही साधा नव्हे, आत अडकून बसलेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"एक मूत्रपिंड आक्रसून गेलंय," डॉक्टर म्हणाले, "त्याच्याकडून आता काही होणार नाही. सगळा भार दुसऱ्यावर आहे. ते तरी सांभाळा. चहा अगदी कमी, थंडा-सोडा पूर्ण बंद. फक्त पाणी. तहान लागायची वाट बघायची नाही, दिवसभर पीत राहायचं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे. दुसऱ्यातही असाच खडा अडकला तर मग पुण्याला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागेल, कायमचं."

रक्त धुणं! तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आण्णांना मात्र काही नाही. डॉक्टर समोर आले तर विचारतात, "च्यात पानीच असतंय की, डॉक्टरसाहेब?"

"काका," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या लघवीचा आणि चहाचा रंग सध्या एकच आहे. म्हणून तर म्हणतोय."

दवाखान्यातून सोडलं, पण जखमेची पट्टी बदलायला येत राहायचं होतं, आणि निमगावच्या रस्त्याचे हिसके सोसायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे जवळचं घर माझंच. भाऊ म्हणाला, "ताईकडं ऱ्हा." आण्णा टोपी फिरवत म्हणाले, "जागा तिची, अन्नपानी आपलं." झालं! भावानं तशी व्यवस्था लावली. आमच्या गावाकडून दुधाचा एक टेम्पो हायवेनं पुण्याकडं जायचा. त्यात रोज सकाळी आईनं भरलेला डबा आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा एक प्लॅस्टिकचा कॅन यायचा. टेम्पोवाला फाट्यावर उतरवायचा, आमचे हे जाऊन आणायचे.

दूध पुण्याला चाललंय आणि माझ्या बापाचं पाणी माझ्याकडं! आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या पान्यात काय इख हाय का, बाई?" त्या हसत नव्हत्या या वेळी.

कॅन कधीकाळी तेलाचा असावा. उन्हात तापून यायचा, पाण्याला वास यायचा. आण्णा ते पाणी घरून आणलेल्या स्वतःच्या तांब्यात ओतायचे आणि औषध घेतल्यासारखे घोटघोट प्यायचे. पुरवून पुरवून. डॉक्टरांनी भरपूर सांगितलेलं, आणि हे पुरवतायत! मी ओट्यावर निवडण घेऊन बसायचे आणि डोळा त्या तांब्यावर. किती प्यायले, शेवटचा घोट कधी घेतला. त्यात लेकीनं बापाला विचारायचं कसं, आण्णा, लघवीचा रंग कसा आहे? एकदा जीभ रेटून विचारलंच. आण्णांनी मान वळवली आणि म्हणाले, "लाज न्हाई वाटत व्हय गं, बापाला काय इचारतीयस?" मी लाजेनं मेले, पण उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

मनात येत नव्हतं असं नाही. कॅन माझ्याच ताब्यात असायचा. आपल्याच हंड्यातलं पाणी त्यात ओतावं, कुणाला कळतंय! एकदा हंडा उचललाही. पण आमच्या टाकीच्या पाण्याला पावडरचा वास, निमगावची विहीर गोड. त्यांनी पहिल्या घोटालाच ओळखलं असतं. आणि ओळखलं नसतं तरी मला नंतर त्यांच्या तोंडाकडं बघवलं असतं का? हंडा ठेवून दिला. यांना म्हटलं, फाट्यावर आता बाटलीतलं पाणी विकायला आलंय, पैसे टाकून घेतलेलं, ते तर चालेल! हे दोन बाटल्या घेऊन आले. आण्णांनी बाटली उलटीपालटी करून बघितली. "पान्याला पैसे?" म्हणाले. "पानी इकनारा अन् इकत घेनारा दोघंबी नरकात जायचं. घिऊन जा ते." चहाचे पैसे चालतात, सोड्याचे चालतात, पाण्याचे नाही. बसा आता!

असेच दिवस चालले होते, आणि एका सकाळी टेम्पो आला नाही. आमचे हे फाट्यावर ताटकळून परत आले. निरोप मिळाला की कळंबच्या अलीकडं टायर फुटलाय, दुपार होईल. आदल्या दिवशीच्या कॅनमध्ये तळाला चूळभर पाणी होतं, ते आण्णांनी उठल्या उठल्या संपवलं. ऊन चढायला लागलं. पत्रा तापला. मी तांब्या घेऊन गेले, हात आडवा. परत गेले, हात आडवा. अकराच्या सुमाराला त्यांच्या अंगावर शहारा आलेला मी पाहिला. वैशाखाच्या उन्हात शहारा! कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी यांना म्हटलं, सायकल काढा आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून या. हे गेले. मी चुलीवरचं उतरवून बाहेर आले तर ओटा रिकामा.

पायात चप्पलही न घालता मी फाट्याकडं धावत सुटले. आण्णा हॉटेलात बसलेले. एक हात कमरेवरच्या पट्टीवर दाबलेला, समोर बशीत ओतलेला चहा, आणि शेजारी उघडलेली नारिंगी बाटली. हॉटेलवाल्यानं ठेवलेला पाण्याचा ग्लास तिथंच, भरलेला, त्याला हातही लावलेला नाही. तो ग्लास बघितला आणि माझं डोकं फिरलं.

"उठा," मी म्हटलं. लोक बघत होते. बघू देत. "उठा म्हनते ना!"

ते उठले. वाटेत दोनदा टेकले, एकदा मारुतीच्या पारावर, एकदा कुणाच्यातरी ओट्यावर. मी त्यांच्या दंडाला धरलं होतं आणि तो दंड माझ्या मुठीत मावत होता. एवढा वाळला हा माणूस कधी? घरी येऊन त्यांना ओट्यावर टेकवलं. आत्याबाई आत भाकरी करत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. मला माहीत होतं की त्यांना बाहेरचं सगळं ऐकू जातं. इतकी वर्षं मी त्या भिंतीला घाबरून शब्द गिळले होते. पण माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या, एक आण्णांची आशा आणि एक आण्णांचं उरलेलं मूत्रपिंड. दोन्ही वाचणार नव्हती.

"आण्णा," मी म्हटलं, "वाट बघू नका."

"कशाची?"

"ज्याची बघताय त्याची. मला मूल व्हायचं न्हाई. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलंय. लई दिवस झालं त्याला. तुमाला सांगायची छाती झाली न्हाई. आता येनारच न्हाई कुनी, तर तुमी कुनासाठी तहानेनं मरताय?"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. दोष कुणाचा, तुझा की जावयाचा, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं कधीच नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. आता आत्याबाई बाहेर येणार आणि माझ्या जन्माचं वाटोळं होणार, एवढंच मला दिसत होतं.

आत्याबाई आल्या. हाताला पीठ तसंच. हातात आमचा पितळी तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दे त्यांना." आणि आत गेल्या.

मी तो पुढं केला. मनात म्हटलं, आता जर हात आडवा केला तर मी इथंच डोकं आपटून घेईन. आण्णांनी हात आडवा केला नाही. फुलपात्र बाजूला ठेवलं, तांब्या दोन्ही हातांनी धरला, मान मागं टाकली आणि वरून धार लावली. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. पाणी मिशांवरून, सदऱ्यावरून ओघळत होतं. मी रडत होते. बाप पाणी पितोय म्हणून बरं वाटत होतं, आणि बापानं नातवाची आशा सोडली म्हणून काळजात काहीतरी तुटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी, त्या एकाच घोटाला.

आणि नेमक्या तेव्हाच समोरच्या भाभी दारात आल्या. त्यांनी बघितलं, आण्णांच्या तोंडाला आमचा तांब्या. बाईला रीत ठाऊक. अर्थ एकच निघत होता. हातातला, दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा गाळा तसाच घेऊन त्या रस्ता ओलांडून आल्या, तोंडभर हसू. "या अल्ला! आण्णा पाणी प्यायले! कितवा गं? कितवा महिना? सांगितलंसुद्धा नाहीस!" शेजारच्या दोन दारांत आणखी दोन तोंडं दिसायला लागली.

मला जमीन दुभंगून आत जावं असं झालं. आण्णांनी तांब्या खाली घेतला, उपरण्यानं मिशा पुसल्या आणि बाजारात भाव सांगावा तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हैना न्हाई अन् काय न्हाई, भाभी. मला तहान लागली व्हती. लेक हाय माझी. तिच्याकडं न्हाई मागनार तर कुनाकडं मागू?"

भाभीचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं असावं. पुढं येऊन त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी गेल्या. शेजारची तोंडंही आत गेली.

दुपारनंतर डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांनी सुया टोचल्या, रागावले, आणि ताप उतरला. ते दुसरं मूत्रपिंड पुढं कितीतरी वर्षं धडपणानं चाललं. मशीनची वेळ आली नाही. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा आण्णांनी रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला होता. "अजून आन," म्हणाले.

मी आत गेले. आत्याबाई माठाजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. तव्यावरची भाकरी करपली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मी ओगराळं उचलायला गेले तर त्यांनी ते आधीच हातात घेतलेलं. आता काय बोलतात म्हणून मी जीव मुठीत धरून उभी राहिले. पदरानं डोळे टिपून त्यांनी तांब्यात पाणी ओतायला सुरुवात केली.

"काठोकाठ घेऊन जा," त्या म्हणाल्या. "लई वर्सांची तहान हाय त्यांची."

तांब्या भरून वाहायला लागला तरी त्या ओततच होत्या. मी तो उचलला आणि निघाले. माठापासून उंबऱ्यापर्यंत पाणी सांडत गेलं, आणि त्या दिवशी आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत.